खाऱ्या वाऱ्यातली सवत

माझी सवत अठरा मजल्यांची आहे. समुद्राकडे तोंड करून उभी असते आणि दर पावसाळ्यानंतर आजारी पडते. मला ताप आला तर आमचे हे फोनवर सांगतात, "गोळी घे आन् पड जरा." तिच्या एखाद्या खांबाला केसाएवढी भेग दिसली, की ह्यांना जेवण गोड लागत नाही. मी हे गमतीनं लिहीत नाही. गेली काही वर्षं मी एका इमारतीवर जळते आहे, आणि चांगली धगधगून जळते आहे.

ह्यांचं नाव मी घेत नाही. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेवढं पुरे. शिरूरला आमचं सिमेंट आणि सळईचं दुकान आहे. माझं माहेर पाटसच्या अलीकडचं, उसाच्या पट्ट्यातलं. लग्न होऊन आले तेव्हा सिमेंटच्या धुळीनं मला शिंका यायच्या. आता गोणीला हात लावून सांगते, माल ताजा आहे की आत गोळे झालेत. हे त्या काळात कारेगावला खोल्या बांधायचे. कारखान्यांत कामाला आलेल्या पोरांसाठी एका ओळीत दारं, वर एक मजला, त्यावर पाण्याची टाकी, झालं काम. त्यात काही नाव नव्हतं. पण संध्याकाळी माणूस घरी यायचा आणि चहा पिता पिता माझ्याशी चार शब्द बोलायचा.

मग ह्यांच्या जुन्या साहेबांचा फोन आला. समुद्रकाठच्या शहरात एक उंच इमारत आहे, फार जुनी नाही, पण खांबांना तडे गेलेत. दुरुस्तीवर उभा राहणारा भरवशाचा माणूस पाहिजे. हे मला म्हणाले, "एक वरीस काढतो. काम संपलं का घरी. मंग दुकान दोघं बघू." मी दशम्या बांधून दिल्या, वर शेंगदाण्याची चटणी दिली. म्हणजे सवतीच्या दारात नवऱ्याला मीच शिदोरी देऊन पाठवलं. त्या एका वर्षाची पुढं किती वर्षं झाली ते मी मोजायचं सोडून दिलं.

सवतीची माहिती बाई जेवढी काढते तेवढी पोलीसही काढत नाहीत. मला तर काढावीही लागली नाही. संध्याकाळी फोन आला की हे तिच्याबद्दलच बोलायचे. समुद्राचा वारा नुसता गार नसतो, त्यात मीठ असतं. खिडकीच्या काचेवर बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट लागतं. ते मीठ ओलीबरोबर काँक्रीटमध्ये शिरतं, कारण काँक्रीट दिसतं तेवढं घट्ट नसतं, त्याला आपल्याला न दिसणारी बारीक छिद्रं असतात. मुरत मुरत ते आतल्या सळईपर्यंत पोचतं आणि सळई गंजायला लागते. गंज म्हणजे लोखंड झिजणं, एवढंच मला माहीत होतं. पण गंज फुगतो. मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. ती जागा मिळवायला तो वरचं काँक्रीट आतून ढकलतो. आधी सळईच्या रेषेत भेग पडते, मग ढलपी निघून पडते, आणि उघड्या पडलेल्या सळईला आणखी मीठ मिळतं.

"बाह्येरून रंग दिला का नवरीवानी दिसती," हे सांगायचे. "पण आतून पोखरल्याली असती."

नवरीवानी! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मला आमच्या लग्नात तरी ह्यांनी नवरीसारखी दिसतेस म्हटलं होतं का, ते मी आठवून बघितलं. नव्हतं म्हटलं.

उंचीचं दुखणं आणखी वेगळं असतं, तेही मी ऐकून ऐकून शिकले. जितकं वर जावं तितका वारा जोराचा. त्या वाऱ्यानं उंच इमारत किंचित डोलते, आणि धडधाकट असेल तर त्यात भिण्यासारखं काही नसतं, ती डोलायचीच असते. पण आतली सळई गंजून बारीक झाली असेल, तर सगळा ताण त्या बारीक झालेल्या सळईवर येतो. समुद्राच्या बाजूचे खांब आणि बाल्कन्या सगळ्यांत आधी खराब होतात. आणि खालच्या मजल्याच्या खांबांना तर वरच्या सगळ्यांचं ओझं डोक्यावर घेऊन हे सोसायचं असतं. मी फोन खांद्यात धरून भाकरी थापत हे ऐकायचे. दुकानात दिवसभर काय झालं, कुणी उलटं बोललं, कुठला हमाल आला नाही, ते सगळं माझ्या तोंडावर आलेलं असायचं. ह्यांचं सांगून झालं की हे म्हणायचे, "आता तू बोल की." तोवर माझं बोलणं आटलेलं असायचं.

आणि तिचे लाड काय सांगावेत. आधी छताखाली लोखंडी टेकू लावायचे, म्हणजे खांबावरचं ओझं कमी. मग खराब काँक्रीट हलक्या हातानं फोडून काढायचं. सळई तारेच्या ब्रशनं घासून लख्ख करायची, तिला गंज धरणार नाही असा लेप द्यायचा, जिथं झिजली असेल तिथं जोडीला नवी सळई. मग भोवती नवं काँक्रीट, त्यावर रंगाचे दोन हात. माझ्या टाचांना हिवाळ्यात भेगा पडतात. त्यांना मेण लावायचं माझं मीच.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. एकदा वैतागून त्यांच्यापाशी बोलले, की तुमचा मुलगा त्या बिल्डिंगच्या नादी लागलाय. आत्या लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "आगं, बाई असती तर दोघी जाऊन झिंज्या धरल्या असत्या. हिला कुठं धरायचं?" मी हसले. हसता हसता मला रडू आलं, तर आत्या म्हणाल्या, "लसूण उग्र हाय यंदाचा."

मी तिच्यावर एकदाच मात केली. ते सांगायला हवं.

आमच्याकडे घर बांधलं की गच्चीवर खांबांच्या सळया तशाच उघड्या सोडतात. पुढंमागं वरचा मजला चढवायचा असतो. शिरूरपासून दौंडपर्यंत कुठल्याही गच्चीवर बघा, त्या उभ्या असतात. कुणी त्यांना कपडे वाळत घालायची दोरी बांधतं, कुणी टोकावर रिकामी बाटली उलटी घालतं. पोरं मोठी होतात, त्यांची लग्नं होतात, मजला काही चढत नाही. सळई तांबडी होते, पण आमच्या कोरड्या हवेत तेवढ्यावरच भागतं. मजल्याला मुहूर्त लागला की मिस्त्री ब्रश मारतो आणि कामाला लागतो. सळई उघडी राहिली म्हणून आमच्या भागात कुणाचा जीव कधी खालीवर झालेला नाही.

हीच समजूत घेऊन ह्यांची टोळी तिकडं गेली होती. टोळी सगळी आमच्याच बाजूची. चैत्रात गावची जत्रा आली. जत्रेला माणूस जिथं असेल तिथून गावी येतो, न आला तर लोक काय झालं म्हणून घरी विचारायला येतात. त्या वेळी समुद्राच्या बाजूचे तिसऱ्या मजल्याचे खांब फोडून, सळया घासून ठेवल्या होत्या. लेप द्यायचा राहिला होता. हे म्हणाले, यंदा जमत नाही. मी फोनवर भांडले. "जत्रेला आला न्हाई तर मी पाटसला निघून जाईन," म्हणाले. खरं तर पाटसला जाऊन मी काय करणार होते, तिथं भावजय बसली होती. पण हे आले. मुकादम जत्रेला निघाला म्हटल्यावर मागं टोळी कशाला राहते? सगळेच आले. सळया उघड्याच ठेवून आले. घरच्या गच्चीवर वर्षानुवर्षं राहतात, तिथं आठ दिवस राहिल्या तर काय होतंय, असं सगळ्यांच्याच मनात होतं.

त्यात लग्नसराई लागली. टोळीतल्या एकाच्या बहिणीचं लग्न निघालं, दुसऱ्याच्या घरी साखरपुडा. आठाचे वीस-बावीस दिवस झाले. माझ्या संसारातले ते सगळ्यांत चांगले दिवस. हे दुकानात बसायचे, गिऱ्हाइकाला समुद्राच्या गोष्टी सांगायचे, दुपारी घरी जेवायचे. कुस्त्यांच्या आखाड्यातून धुळीनं माखून आले तर मी पाणी तापवून दिलं. तिची खबर घ्यायला फोन घेऊन हे एकदाही गच्चीत गेले नाहीत.

परत गेले तेव्हा घासून लख्ख केलेल्या सळयांवर पुन्हा गंज चढला होता. नख लावलं की पापुद्रा निघत होता. पापुद्र्याखाली बारीक खड्डे पडले होते. आणखी आतपर्यंत फोडावं लागलं, टेकू आणखी लावावे लागले, वरच्या मजल्यावरची माणसं भेदरून दुसरीकडं राहायला गेली. साहेब ह्यांना सगळ्यांदेखत बोलले. ह्यांनी मला फोनवर एवढंच सांगितलं, "मीठ सुट्टी घेत न्हाई."

मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला बरं वाटलं. तिला लागलं, आणि माझ्यापायी लागलं, याचं मला दोन दिवस सुख होतं. तिसऱ्या दिवसापासून ते सुख ओसरायला लागलं. कारण त्यानंतर हे जत्रेला आले नाहीत. दिवाळीला आले तर पाडव्याच्या सकाळी ओवाळून घेऊन निघाले. "सळई उघडी हाय," एवढं म्हटलं की मी ह्यांची पिशवी भरायला घ्यायचे. जत्रा मी जिंकले आणि बाकीचं वर्ष तिला देऊन बसले.

गेल्या मार्गशीर्षात ह्यांचा फोन आला तो वेगळ्या आवाजात. काम संपलं होतं. सगळे खांब, सगळ्या बाल्कन्या झाल्या. सोसायटीनं सत्यनारायण ठेवला होता आणि पूजेला ह्यांनीच बसावं असं सगळ्यांचं म्हणणं होतं. पूजेला जोडपं लागतं. "तू यायला पायजे," हे म्हणाले.

मी नवरा आणायला निघाले. दुकान आत्यांच्या स्वाधीन केलं, शेजारच्या गिरणीवाल्याला लक्ष ठेवायला सांगितलं. लग्नातला शालू नेसले. घोडनदीच्या, म्हणजे आमच्या शिरूरच्याच, स्टँडवरून एसटीत बसले तेव्हा वाटेत काय काय बोलायचं ते सगळं ठरवत होते. येताना ह्यांचं सामान किती असेल, कुठल्या गाडीनं यायचं, दुकानात ह्यांची खुर्ची कुठं मांडायची. पुण्याला गाडी बदलली. पुढं घाट उतरल्यावर हवा अंगाला चिकटायला लागली, तेव्हा मी मनात म्हटलं, हाच तो वारा.

तिला पहिल्यांदा बघितलं आणि माझा हिरमोड झाला. मला वाटलं होतं काहीतरी थाट असेल. साधी पिवळसर इमारत, बाल्कन्यांत कपडे वाळत घातलेले. हिच्यात काय बघितलं ह्यांनी, असं सगळ्याच बायका सवतीला बघून म्हणतात, तसं मीही म्हटलं.

पूजेला बसलो. अकराव्या मजल्यावरच्या एका आजींनी सगळी तयारी केली होती. पूजा झाली, शिऱ्याचा प्रसाद वाटला. मग आजींनी मला चहा दिला आणि ह्यांना वेगळा कप दिला. मला म्हणाल्या, "ह्यांचा बिनसाखरेचा असतो ना." मी ह्यांच्याकडे बघितलं. घरी आले की दोन चमचे साखर घालून मीच देत होते, आणि हे पीत होते. कधीपासून बिनसाखरेचा, ते मला माहीत नव्हतं, अकराव्या मजल्याला माहीत होतं.

आजी माझा हात धरून बोलतच होत्या. "तुमचे फार उपकार आहेत हो. असा माणूस आम्हाला दिलात. आता पुढची पाच वर्षं तरी काळजी नाही. देखरेखीचं काम हेच घेणार म्हणून कालच्या मीटिंगमध्ये ठरलं. खालची खोलीसुद्धा रंगवून ठेवली आहे ह्यांच्यासाठी."

मी शिऱ्याची वाटी खाली ठेवली. ह्यांना ऐकू गेलं होतं. हे उठले आणि मला म्हणाले, "चल, वरून समुद्र दाखवतो."

लिफ्टनं गच्चीवर गेलो. वारा असा, की पदर हातानं धरून ठेवावा लागला. मला समुद्र बघायचा नव्हता. हे पाण्याच्या टाकीखालच्या एका खांबापाशी गेले, खिशातून छोटी हातोडी काढली आणि ठोकून बघितलं. टण्ण वाजलं. थोडं खाली ठोकलं, तिथंही तसंच. कान लावून ऐकत होते. आमची मुलगी, आता सासरी असते ती, झाली तेव्हा तिला पहिल्यांदा हातात घेताना ह्यांचा चेहरा असा झाला होता. त्यानंतर मी तो आता बघत होते.

"आवाज भरीव हाय," हे म्हणाले. "पोकळ असलं का भद्द वाजतं."

"पाच वरसं म्हंजी काय?" मी विचारलं.

हातोडी थांबली. "मी तुला सांगणारच व्हतो. आजून सही केल्याली न्हाई."

"काम संपलं म्हणाला व्हता तुम्ही."

"दुरुस्ती संपली. पण मीठ कुठं संपतंय? वारा रोज येणार. दर वरसाला बघावं लागतंय, ठोकावं लागतंय, बारीक भेग दिसली का तवाच भरावी लागती. न्हाईतर हाय ते समदं पाण्यात. एवढी माणसं राहत्यात हिच्यात."

"आन् माझ्यात कोण राहतं?"

हे समजुतीच्या आवाजात बोलले, गिऱ्हाइकाशी बोलतात तसं. "आसं काय करतीस? तू बी ये की इथं."

"आन् आत्या? आन् दुकान?"

"तेच म्हणतोय. तिथलं तू समदं बघतीस. मला तिथली कायबी काळजी न्हाई. हिला सोडलं तर हिचं काय खरं न्हाई. तुझं तसं न्हाई. तू खमकी हाईस."

खमकी हाईस. आयुष्यात ह्यांनी माझी तोंडभरून केलेली ती पहिली स्तुती असावी. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी ती घरभर सांगत फिरले असते. त्या दिवशी ती मला शिवीसारखी लागली. ती दुबळी म्हणून नवरा तिला, आणि मी धड म्हणून मला कोणी नाही. हा कुठला न्याय?

"मी खमकी हाय हे तुम्ही कवा तपासलं?" मी म्हणाले.



मी पदर सोडला. वाऱ्यानं तो उडून गेला, जाऊ दिला. उजवा हात वर उचलायला लागले. खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि तिथं अडकला, जोर केला तशी कळ मानेपर्यंत गेली. श्रावणात दोन हमाल आले नव्हते, ट्रक दारात उभा होता आणि आभाळ भरून आलं होतं, तेव्हा गोण्या मी ओढून आत घेतल्या. तेव्हापासून हा हात असाच आहे. डॉक्टर म्हणाले खांदा आखडलाय, व्यायाम करा, जड उचलू नका. दुकानात जड सोडून दुसरं काय असतं?

"येणी आत्या घालत्यात माझी," मी म्हणाले. "आजचा अंबाडाबी त्यांनीच घातला. दिवाळीला तुमाला ओवाळलं ते डाव्या हातानं ओवाळलं. पाडव्याला तुमी पाटावर माझ्यासमोर बसला व्हता."

ह्यांच्या हातातली हातोडी खाली गेली. एवढ्या उंचीवरून खालच्या बाल्कनीतली केसाएवढी भेग दाखवणारा माणूस माझ्या खांद्याकडे असा बघत होता, जणू तो आत्ताच तिथं कुणी आणून बसवला.

"आगं, मंग मला सांगायचं न्हाईस?" हे म्हणाले. आवाज खराखुरा दुखावलेला होता. "श्रावणापासून एवढं हाय आन् तू एक शब्द बोलली न्हाईस?"

मी त्या खांबाकडे हात केला, डावा.

"तिनं तरी कुठं सांगितलं व्हतं?"